आपली साळुंकी, परक्या मुलुखात



हिमायतनगरच्या रस्त्यांवर पहाटेपासून कलकल करणारी साळुंकी आपण सर्वच ओळखतो. तपकिरी अंग, पिवळी चोच, पिवळे पाय; उडाली की पंखांवर पांढरा पट्टा दिसतो. आपले तेलुगू शेजारी तिला गोरिंक म्हणतात. मात्र २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी जगातील १०० सर्वांत उपद्रवी आगंतुक जीवांची यादी केली, तीत साळुंकीचे नाव आहे! यादीत पक्षी तीनच. त्यांपैकी साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल आपल्याच अंगणातले. तिसरा युरोपातील स्टारलिंग, म्हणजे साळुंकीचाच भाऊबंद.

असे का झाले? साळुंकीला माणसानेच समुद्रापार नेले. तिच्या शास्त्रीय नावातील ‘अ‍ॅक्रिडोथेरिस’ म्हणजे टोळांची शिकार करणारा. म्हणूनच १७६२ च्या सुमारास टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी तिला भारतातून मॉरिशसला नेण्यात आले. पुढे १८६० च्या दशकात ती मेलबर्नला व हवाई बेटांवरही पोहोचली.

तिने कीटक खाल्ले, पण तेवढ्यावर ती थांबली नाही. साळुंकी स्वतः झाड पोखरत नाही, आयती ढोली बळकावते. त्यामुळे ऑस्ट्रेलियात ढोलीत राहणाऱ्या पोपटांशी तिची झुंज होते. हवाईत घाणेरीची फळे खाऊन तिने बिया रानभर पसरवल्या. सेशेल्समध्ये तेथील दुर्मिळ दयाळ पक्ष्याला तिचा त्रास झाला. अखेर फ्रिगेट व डेनिस या बेटांवरून तिला मोठ्या कष्टाने हटवावे लागले.

मग आपल्याकडे ती उपद्रवी का नाही? कारण हे तिचे घर आहे. येथे शिक्रा व साप तिच्यावर वचक ठेवतात आणि इतर पक्षी पूर्वापार तिच्यासह राहत आले आहेत. तेव्हा तिला हुसकावण्याचे कारण नाही. दोष पक्ष्याचा नसून त्याला भलत्या ठिकाणी सोडणाऱ्याचा आहे. परदेशातून आलेली घाणेरी आपल्या रानात कशी माजली, ते आपण पाहतोच.

पालकांनी एवढे जरूर करावे: पाळलेले परदेशी पक्षी किंवा कासव नकोसे झाले म्हणून बागेत वा हुसेनसागरात सोडू नये. विश्वस्तांना विनंती, की धोका नसेल तेथे जुन्या झाडांच्या ढोल्या राखाव्यात. ढोल्या पुरेशा असतील, तर साळुंकीबरोबर पोपट, दयाळ आणि पिंगळाही आपल्या परिसरात नांदतील.