उन्हाची सवय आणि पाण्याची गरज

गतवर्षी वैशाखात एका गावी डोंगरउतारावर समतल चर खोदण्याचे श्रमदान चालू होते. सकाळी ९ ते दुपारी २ ही कामाची वेळ प्रस्तुत लेखकानेच ठरवून दिली होती. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास एक धडधाकट तरुण कुदळ टाकून असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खात दोन पावले गेला आणि कोसळला. शेजारी साठीला आलेले त्याचे चुलते मात्र नेहमीच्या संथपणे घमेली भरीत होते. तरुण पुण्यास कारखान्यात छताखाली काम करणारा, चारच दिवसांपूर्वी गावी आलेला. चुलते गुढीपाडव्यापासून रोज रानात. सुदैवाने तरुण बचावला. मनुष्यबळाचा हिशेब करताना वय आणि अंगयष्टी पाहिली, सवय पाहिली नाही, ही चूक माझी होती.

सवय म्हणजे केवळ मनाचा निग्रह नव्हे. शरीरात प्रत्यक्ष फरक होतो. श्रम करताना खर्च होणाऱ्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा कामी येतो, बाकीच्याची उष्णता होते. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्यासाठी ही उष्णता बाहेर टाकावी लागते. हवाच अंगापेक्षा तापलेली असली म्हणजे घाम हाच मुख्य उपाय उरतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून गेलेला घाम हे काम करीत नाही. म्हणूनच कोकणातील दमट हवेत कमी तापमानातही जीव कासावीस होतो.

रोज थोडा वेळ उन्हात श्रम केले असता पहिल्या चारपाच दिवसांतच रक्तातील द्रवभाग वाढतो व हृदयाची धडधड कमी होते. पुढे घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. हा बदल एक ते दोन आठवड्यांत बहुतांशी पुरा होतो. ऊन सोडून महिनाभर सावलीत राहिले तर तो जवळजवळ सर्व नाहीसा होतो. चुलते आणि पुतण्या यांच्यातील अंतर ते हेच.

मात्र येथे एक गैरसमज फार घातक आहे. ‘आम्हांस सवय आहे, दुपारपर्यंत पाणी लागत नाही’ असे अनेक शेतकरी बंधू अभिमानाने सांगतात. उन्हाची सवय होते. तहानेची होत नाही. सवयीच्या माणसास घाम जास्त येतो, म्हणून त्यास पाणीही जास्तच लागते. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. तेव्हा तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. अधूनमधून मीठ घातलेले ताक उत्तम. (खिशात कांदा बाळगण्यास आमची हरकत नाही; पण तो पाण्याचे काम करीत नाही.)

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या माणसास पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम उन्हात द्यावे व रोज तितकेच वाढवीत पाचव्या दिवशी पूर्णावर आणावे. जुना परंतु काही काळ बाहेर राहिलेला माणूस निम्म्यापासून चौथ्या दिवशी पूर्णावर येऊ शकतो. यंदा त्याच गावी आम्ही काम सकाळी ६ ते १० असे ठेवले आणि पाण्याचे माठ चरांच्या वरच्या टोकाला नव्हे, माणसे खोदतात तेथे नेले.

एवढे करूनही कोणी बरळू लागला, अडखळू लागला, अंग तापले, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजावा. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघा येथे ओले फडके ठेवावे. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा उपयोग होत नाही. १०८ क्रमांकास कळवावे आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.