रेग्युलेटर बदलावा, पण बोट सांभाळून



बेळगाव-खानापूर भागातून गोव्याच्या बाजाराला रोज भाजी जाते. रात्री माल भरायचा, चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत बाजारात पोहोचायचे, हा आपल्यापैकी अनेकांचा शिरस्ता आहे. अशा वेळी घाटात गाडी बंद पडली, तर नुकसान केवळ भाड्याचे होत नाही. कोथिंबीर आणि मेथी कोणाची वाट पाहत नाहीत. म्हणून गाडी अडली, की माणूस घाईघाईने पाना घेऊन इंजिनात हात घालतो. जुन्या गाडीत ही घाई बहुधा खपून जात असे. नव्या गाडीत ती बोटावर बेतू शकते.

नव्या डिझेल ट्रकमध्ये इंधनाचा दाब सांभाळणारा एक छोटा भाग असतो. त्याला प्रेशर रेग्युलेटर म्हणतात. तो बिघडला हे कसे ओळखावे, तो कसा बदलावा आणि बदलताना हात कसा वाचवावा, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

जुने इंजिन आणि नवे इंजिन

जुन्या ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल पंपातून प्रत्येक नोझलला वेगळा पाइप जातो. ते नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडते. अशा इंजिनात हवा शिरली, तर नोझलजवळचा नट ढिला करायचा, सेल्फ मारायचा आणि फेस थांबून सरळ डिझेल आले की नट आवळायचा, हे काम आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही येते.

नव्या इंजिनाची रीत निराळी आहे. बॉश कंपनीची ‘कॉमन रेल’ पद्धत १९९७ साली मोटारगाड्यांत आली. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला आणि नव्या ट्रकमध्ये हीच पद्धत रुळली. यात पंप सगळे डिझेल एका जाड पोलादी नळीत दाबून भरतो. या नळीला रेल म्हणतात. तेथून ते सर्व नोझलांना मिळते. इंजिन नुसते चालू असताना रेलमध्ये सुमारे ३०० बार दाब असतो. भरलेली गाडी चढ चढू लागली, की तो १६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. ट्रकच्या टायरमध्ये सुमारे ८ बार हवा असते. म्हणजे टायरच्या दोनशेपट दाब त्या नळीत कोंडलेला असतो.

हा दाब हवा तेवढाच ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो. तो विजेवर चालणारा लहानसा व्हॉल्व्ह आहे. गाडीतला संगणक त्याला हुकूम देतो, आणि जादा डिझेल तो परतीच्या नळीने टाकीकडे सोडतो. काही गाड्यांत तो रेलच्या टोकाला असतो. काही गाड्यांत रेलवर असा व्हॉल्व्ह नसतो. पंपावरचा व्हॉल्व्ह आत येणारे डिझेल कमीजास्त करून दाब राखतो. म्हणून आपल्या गाडीत तो कोठे आहे, हे प्रथम मॅन्युअलमध्ये पाहावे.

बिघाड ओळखावा कसा?

गेल्या पावसाळ्यात आमच्याच ट्रकने आम्हाला हा धडा दिला. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागे. उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज वरखाली होई. चढावर जोर जाई, पुढे दिवा लागे आणि गाडी बंद पडे. एका गॅरेजात सांगितले, “पूर्ण पंपच उतरवावा लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून आम्ही गाडी परत आणली आणि आमच्या जुन्या मेस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “पंप कुठे पळून जात नाही. आधी स्वस्तातल्या गोष्टी बघू या.”

त्यांचा क्रम आम्ही येथे देतो. तो लक्षात ठेवावा.

१. फिल्टरखालची तोटी सोडून पाणी काढावे. फिल्टर तुंबला असेल तर बदलावा.

२. टाकीपासून पंपापर्यंत नळी कोठे हवा ओढते का, ते पाहावे.

३. रेग्युलेटरचा वायरिंगचा सॉकेट गंजला किंवा सैल झाला आहे का, ते पाहावे. पुष्कळदा दोष येथेच सापडतो.

४. स्कॅनर लावून दाब किती हवा आणि प्रत्यक्ष किती आहे, हे ताडून पाहावे. दाब कमी असेल तर पी००८७, जास्त असेल तर पी००८८ आणि रेग्युलेटर नीट काम करीत नसेल तर पी००८९ असे आकडे बहुधा दिसतात.

५. नोझलांतून परत जाणारे डिझेल मोजावे. एखादे नोझल फार डिझेल परत सोडीत असेल, तर रेग्युलेटर बदलून उपयोग नाही.

आमच्या गाडीत फिल्टरमधून पाणी निघाले. बाकी सारे ठीक होते, पण रेलच्या टोकाचा रेग्युलेटर अडकत होता. पाणी आणि घाण हेच या भागाचे मोठे शत्रू. पंपाला हात न लावता काम भागले.

बदलण्याची रीत

गाडी सपाट जागी, छपराखाली आणि धुळीपासून दूर उभी करावी. इंजिन थंड होऊ द्यावे. चावी काढून घ्यावी. त्यानंतर निदान दहा मिनिटे थांबावे. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा. दाब शून्यावर आला, हे स्कॅनरवर पाहावे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. जवळ विडीकाडी नको.

रेग्युलेटरच्या आसपासची जागा ब्रशने आणि स्वच्छ फडक्याने पुसावी. धुळीचा एक कण आत गेला, तरी नवा भाग अडकू शकतो. ज्याचे सूत सुटते असे फडके वापरू नये.

रेलवर बहुधा दाबाचा सेन्सरही असतो. दोन्ही भागांची गल्लत होऊ देऊ नये. सेन्सरला साधारणपणे तीन वायरी असतात, तर रेग्युलेटरला दोन.

सॉकेट काढावा. परतीची नळी काढून तिचे तोंड झाकावे. मग गाडीच्या बनावटीप्रमाणे स्क्रू किंवा मोठा नट सोडून जुना रेग्युलेटर सरळ बाहेर ओढावा. जुना वायसर किंवा रबरी रिंग आत राहिली नाही ना, ते पाहावे. नवा भाग शेवटपर्यंत पिशवीतून काढू नये. त्याच्या रबरी रिंगला स्वच्छ डिझेलचे बोट लावावे, ग्रीस नको. तो हाताने सरळ बसवून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधील मापाइतकाच आवळावा. अंदाजाने आवळलेला भाग एक तर गळतो, नाही तर त्याचे आटे जातात. एकदा काढलेला वायसर परत वापरू नये.

नंतर नळी, सॉकेट आणि बॅटरी जोडावी. फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत मारावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये थोडा वेळ थांबावे. शेवटी स्कॅनरने जुने आकडे पुसावेत. काही गाड्यांत नव्या रेग्युलेटरची ओळख संगणकाला करून द्यावी लागते.

हात मागे घ्या!

आमच्या गाडीने दोनदा सेल्फ मारूनही दाद दिली नाही. तेव्हा आमचा पुतण्या जुन्या सवयीने पाना घेऊन पुढे झाला. म्हणाला, “काका, नोझलचा नट ढिला करतो, हवा निघून जाईल.” मेस्त्रींनी त्याचे मनगट धरले. “हात मागे घे, बाळा. हा तुझ्या आजोबांचा ट्रॅक्टर नव्हे!”

कॉमन रेल इंजिनात जाड पाइपचा नट ढिला करून हवा काढणे, ही सर्वात धोक्याची चूक आहे. इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना हे कधीही करू नये. गळती हाताने चाचपून पाहणे हीही तेवढीच मोठी चूक. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार डोळ्याला दिसतही नाही. माणसाची कातडी भेदायला सुमारे ७ बार दाब पुरतो. या हिशेबाने जुन्या इंजिनाचे नोझलही निरुपद्रवी नाही.

गळती पाहायची तर चष्मा लावावा, लांब काठीला पुठ्ठा बांधावा आणि तो पाइपाजवळून फिरवावा. पुठ्ठा ओला झाला, की इंजिन बंद करावे, पुन्हा तेवढाच वेळ थांबावे आणि मगच पाना लावावा.

टोचले, तर काय करावे?

अशा इजेची नोंद नवी नाही. १९३७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रीस नावाच्या डॉक्टरांनी डिझेल इंजिनातील तेल दाबाने शरीरात घुसल्याचे लिहिले होते. फसवी गोष्ट अशी, की आरंभी फारसे काही दिसत नाही. बोटाला काटा टोचल्यासारखा ठिपका असतो आणि दुखणेही बेताचेच. माणूस बोट पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल शिरांच्या वाटेने तळहातापर्यंत पसरते आणि मांस जाळू लागते. काही तासांनी बोट सुजते, पांढरे पडते, बधिर होते.

२००६ साली अशा ४३५ रुग्णांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ३० टक्के रुग्णांचे बोट किंवा हाताचा भाग कापावा लागला होता. डिझेलसारख्या पदार्थांनी झालेल्या इजेत सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर बोट वाचण्याची आशा अधिक, असेही त्यात दिसून आले.

म्हणून ठिपका दिसला, की दुखण्याची वाट पाहू नये. अंगठी, कडे, घड्याळ ताबडतोब काढावे. हात वर धरावा. बोट पिळू नये, चिरू नये, त्यावर बर्फ ठेवू नये, हळद किंवा मलम लावून बांधू नये. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्याने काही खायला-प्यायला देऊ नये. जखमी माणसाने स्वतः गाडी चालवू नये. १०८ ला फोन करावा. जेथे हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत, अशा मोठ्या इस्पितळात थेट जावे. बेळगावात आणि गोव्यात बांबोळीला अशी इस्पितळे आहेत. गावच्या दवाखान्यात केवळ धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन परतू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, “डिझेल मोठ्या दाबाने आत घुसले आहे,” आणि वेळही सांगावी. हे न सांगितल्यास तो ठिपका त्यांनाही किरकोळ वाटू शकतो.

भगिनींनो, ही गोष्ट तुम्हीही ध्यानात ठेवावी. घरधनी किंवा मुलगा गाडीखालून येऊन “काही नाही, जरा टोचले” म्हणाला, तर त्याला बसू देऊ नका.

शेवटी एवढेच

टॉर्क पाना, स्कॅनर आणि उजेड नसेल, तर घाटात रात्री हे काम हाती घेऊ नये. गाडी ओढून आणावी. भाजीचे नुकसान पुढच्या खेपेला भरून निघेल. फिल्टर वेळेवर बदलावा, त्यातले पाणी नेमाने काढावे आणि शेतातल्या उघड्या पिंपातले डिझेल नव्या गाडीत ओतू नये. एवढे केले, तर रेग्युलेटर पुष्कळ दिवस टिकेल.

आमच्या गाडीने त्या दिवशी चौथ्या सेल्फला दाद दिली. पुतण्याने पुठ्ठा फिरवला, तो कोरडा निघाला. त्या रात्री भाजी बाजारात वेळेवर पोहोचली, आणि पुतण्या दहाही बोटे शाबूत घेऊन घरी आला.