सातबाऱ्यावर आईचं नाव

माझे वडील गेले तेव्हा तेराव्यालाच कुणीतरी म्हणालं, "वारस नोंदीला एजंट लागतो, शिवाय सरकारला वारसा कर भरावा लागतो." तसं काही नाही. आपल्या देशात वारशावरचा कर 1985 सालीच बंद झाला. आणि नोंद मी स्वतः केली.

आधी मृत्यूचा दाखला घ्या. सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. चौकशी होते, फेरफार धरला जातो, नोटीस निघते. हरकतीला 15 दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

अर्जात आईचं नाव लिहा, सगळ्या बहिणींची लिहा, लग्न झालेल्यांचीही. हिंदू वारसा कायद्यात 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे.

आता जपायची गोष्ट. दादानं एक कागद आणला, म्हणाला, "वारस नोंदीचाच आहे, सही कर." वर लिहिलं होतं 'हक्कसोडपत्र'. वारस नोंदीला तो कागद लागत नाही. त्यावर सही करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवला, की आपला हिस्सा गेला. मी दादाला एवढंच विचारलं, "यात आईचं नाव कुठंय?" तो गप्प झाला. कागद तसाच राहिला.

आज सातबाऱ्यावर आईचं नाव आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला तुमच्या घरचा सातबारा आणा. कुणाकुणाची नावं आहेत, मिळून वाचू.