स्टेअरिंगचा आवाज : पंप बदलण्यापूर्वी



गळीत हंगाम तोंडावर आला, की ट्रॅक्टर-ट्रॉलीची दुरुस्ती आपण आठवणीने करून घेतो. दारातल्या जीप-मोटारीकडे मात्र ती अडून बसल्याशिवाय कुणी पाहत नाही. गेल्या हंगामात आमचेही तसेच झाले. वळण घेताना गाडी घों-घों करू लागली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, "पंप गेला" म्हणून सांगितले आणि बदलूनही दिला. आठ दिवसांत पुन्हा तोच आवाज! अखेर एका जुन्या मिस्त्रीने पाइपाचा सैल क्लॅम्प आवळला, आत शिरलेली हवा काढली, अन् आवाज बंद. पंपाचे पैसे मात्र गेले ते गेलेच. इतर सभासदांवर ती पाळी येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ साली पॉवर स्टेअरिंग मोटारीवर बसवून दाखविले. १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या गाडीत आणले. त्याचे काम सोपे आहे. इंजिनावरचा बेल्ट पंप फिरवितो, पंप ऑइलला दाब देतो आणि तो दाब चाके वळवायला मदत करतो. हल्लीच्या पुष्कळ लहान गाड्यांत हे काम विजेची मोटर करते. तिथे ऑइलही नाही अन् पंपही नाही. म्हणून बॉनेटखाली स्टेअरिंग ऑइलची डबी आहे का, हे आधी पाहावे.

आता आवाज ओळखू या.

घों-घों किंवा कण्हल्यासारखा आवाज : बहुधा ऑइल कमी. डबीवरच्या खुणेपर्यंत भरावे. ऑइलला फेस असेल तर हवा शिरली समजावे. ऑइल भरूनही पुन्हा कमी झाले, तर ते कुठेतरी गळतेच आहे; पाइपांचे सांधे पाहावेत.

चीं-चीं आवाज : सकाळी गाडी सुरू करताना किंवा स्टेअरिंग पूर्ण वळविताना येत असेल, तर बेल्ट सैल किंवा झिजलेला. इंजिन बंद करूनच बेल्टला हात लावावा.

खट्-खट् आवाज : खड्ड्यात किंवा वळणावर येणारा हा आवाज पंपाचा नव्हे. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड तपासून घ्यावेत. नगर-मनमाड रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. हे भाग निसटले तर गाडी ताब्यात राहत नाही.

पूर्ण वळविल्यावर येणारा बारीक सुस्स आवाज बहुधा दोष नसतो. मात्र स्टेअरिंग त्या टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू नये, पंप तापतो.

हे सारे पाहूनही घों-घों राहिलीच, तर मग पंपाकडे वळावे.

हवा काढायची असल्यास पुढची चाके जॅकवर घेऊन खाली भक्कम आधार द्यावा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. मधूनमधून डबीत ऑइल भरत राहावे.

ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच वापरावे. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नये. रबरी सील फुगून खराब होतात.

चालत्या गाडीत बेल्ट तुटला, तर स्टेअरिंग एकदम जड होते. घाबरू नये. दोन्ही हातांनी घट्ट धरून वेग कमी करावा व गाडी कडेला घ्यावी. जोर लावला की चाके वळतात.

पॉवर स्टेअरिंगच्या ट्रॅक्टरलाही ऑइल आणि हवेची गोष्ट लागू आहे. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असताना रात्रीच्या वेळी स्टेअरिंग जड होणे म्हणजे काय, हे ड्रायव्हरलाच विचारावे. तेव्हा मोळी पडण्याआधी पाच मिनिटे काढून डबी, पाइप व सांधे पाहून घ्यावेत, ही सर्वांना विनंती.