वाक्स्तंभ : दोष जिव्हेचा की मेंदूचा?

काही वर्षांपूर्वी पनवेलमधील एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या मुलाने माझ्या चिकित्सालयात आणले. सकाळपासून ते अखंड बोलत होते. उच्चार स्वच्छ होते, वाक्याची लयही मराठीच होती. अर्थ मात्र काहीच नव्हता. हातपाय चालत होते, चेहराही सरळ होता. 'डोळे मिटा' म्हटले की ते हसून भलतेच काही सांगू लागत. घरच्यांनी भ्रम झाला असे ठरवून टाकले होते आणि, खरे सांगावयाचे तर, क्षणभर माझ्याही मनात उन्माद व ब्राह्मी घृत हेच आले. त्यांना रुग्णालयात पाठविले तोवर दुपार उलटली होती. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या शंखखंडाचा रक्तपुरवठा खंडित झालेला आढळला.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पक्षवधाबरोबर वाक्स्तंभ सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी शब्दवाहिनी धमन्या कफयुक्त वायूने आवृत झाल्यास मूकत्व, मिन्मिनत्व व गद्गदत्व येते असे म्हटले आहे. उदानाचे वाक्प्रवृत्ती हे कर्मही आपणांस पाठ असते. त्यामुळे वाचेचा विकार म्हटला की आपले लक्ष न बोलणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या रुग्णाकडे जाते. भरभरून बोलणारा रुग्ण निसटतो तो येथेच.

कृष्णशास्त्री पुराणिकांनी पनवेलला १८७२ मध्ये औषधनिर्मितीचा कारखाना सुरू केला. त्याच्या आगेमागेच युरोपात या प्रश्नाचा उलगडा होत होता. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी केवळ 'टॅन' एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. डाव्या ललाटखंडाचा भाग नष्ट झालेला होता. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार वर्णिला : डाव्या शंखखंडाच्या वरच्या, मागील भागाला इजा झाली की बोलणे वाहते राहते, आकलन जाते. हे दोन्ही भाग मज्जातंतूंच्या कमानीसारख्या जुडग्याने जोडलेले असतात आणि दोहोंना रक्त पुरविणारी रोहिणी मुख्यतः एकच, मध्य मस्तिष्क रोहिणी. भाषेचे काम याहून अधिक भागांत विखुरलेले आहे हे आता ज्ञात आहे. तरी रुग्णाजवळ बसून विचार करताना ही जुनी विभागणी आजही उपयोगी पडते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांत भाषा डाव्या गोलार्धात असते. म्हणूनच उजव्या अंगाच्या पक्षाघातात वाचा अधिक वेळा जाते.

ललाटखंडाच्या विकारात मराठी रुग्ण 'मुलगा… बाजार… भाजी' एवढेच सांगतो. विभक्तिप्रत्यय व क्रियापदाची रूपे गळतात. समज मात्र बरीच शाबूत असल्याने तो चिडतो, रडतो. त्यास मंदबुद्धी समजून त्याच्यादेखत घरच्यांशी बोलणे हा अन्यायच होय.

औषधालयचालकांनी विशेष ध्यानात ठेवावे. 'अचानक वाचा गेली' किंवा 'अचानक असंबद्ध बोलू लागले' असे सांगून कोणी एकांगवीर किंवा स्मृतिसागर मागितल्यास, प्रथम केव्हापासून हे विचारावे. रोहिणीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि रक्तस्राव नाही ना, हे स्कॅनशिवाय कळत नाही. गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते. म्हणून चूर्ण, मध, पाणी काहीही तोंडात घालू नये. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट पाठवावे.

आपली चिकित्सा त्यानंतरची. तिच्या जोडीस वाचोपचार हवेतच. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचोपचारतज्ज्ञ घडविले जातात. आपल्या भागात घरी आगरी, शाळेत प्रमाण मराठी व धंद्यात हिंदी बोलणारे पुष्कळ असून सर्व भाषा सारख्याच वेगाने परततात असे नाही. उपरोक्त शिक्षकांशी मी प्रमाण मराठीतच बोलत राहिलो. त्यांच्या पत्नीने घरच्या बोलीत जेवणाचे विचारले, तेव्हा तीन आठवड्यांत प्रथमच त्यांनी नेमके उत्तर दिले.