चिठ्ठी की घर?



'खजिना शोध' तुम्ही खेळला असालच. समजा, हा खेळ आपल्या कसबा पेठेत मांडलाय. कसबा गणपतीपाशी पहिली चिठ्ठी : 'लाल महालापाशी जा.' तिथली चिठ्ठी म्हणते, 'तांबट आळीत जा.' आणि तांबट आळीतली? 'कसबा गणपतीपाशी जा!' झालं! फिरा गोल गोल. दोन फेऱ्यांत तुम्ही ओरडाल, 'बाई, कुणीतरी गंमत केलीय!' पण संगणकाला हे आपणहून कळत नाही. म्हणून त्याच्यासाठी नियम करावे लागतात.

युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींत प्रत्येक फाइलला एक क्रमांक असतो. फोल्डर म्हणजे जणू हजेरीपट. त्यात नाव आणि त्यापुढे क्रमांक. गंमत म्हणजे एकाच क्रमांकाला दोन नावं चालतात. घरी 'बंड्या', शाळेत 'श्रीधर', पण मुलगा एकच! याला म्हणतात हार्ड लिंक. एक नाव खोडलं तरी फाइल शाबूत राहते. शेवटचं नाव गेलं, की मगच तिची जागा मोकळी होते.

मग फोल्डरलाही अशी दोन नावं द्यावीत की! पण नाही, लिनक्स ते करू देत नाही. का बरं? प्रत्येक फोल्डरमध्ये दोन टिंबांची एक नोंद असते. तिचा अर्थ 'माझ्या वरचा फोल्डर'. फोल्डर दोन ठिकाणी राहू लागला, तर वरचा कोणता म्हणायचा? आणि फोल्डर स्वतःच्याच पोटात शिरला तर? शोधणारा आत आत जातच राहील! बाहेरचं नाव पुसलं तरी आतलं नाव उरेल. म्हणजे तिथं कुणाला पोचता येणार नाही आणि जागाही सुटणार नाही. अॅपल कंपनीने 2007 साली मॅकच्या 10.5 आवृत्तीत फोल्डरच्या हार्ड लिंक वापरल्या, पण चक्र होणार नाही अशी अट घालूनच.

यावर तोडगा म्हणजे सिम्बॉलिक लिंक. 1983 च्या बीएसडी युनिक्स 4.2 मध्ये ती आली. ही नुसती चिठ्ठी असते. तिच्यावर फक्त पत्ता लिहिलेला. ती फोल्डरकडेही बोट दाखवू शकते. चिठ्ठ्यांचं चक्र झालंच, तर लिनक्स चाळीस चिठ्ठ्यांनंतर थांबतं आणि 'चूक' म्हणून सांगतं. मात्र मूळ फोल्डर हलवला, तर चिठ्ठी तशीच राहते आणि पत्ता खोटा ठरतो.

विंडोजमधला बाणाचं चित्र असलेला शॉर्टकट ओळखीचा आहे ना? तो या चिठ्ठीचा चुलतभाऊच. त्यानं मला चांगलंच फसवलं. चौथीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि संगणकावरचा फोल्डर पुसून टाकला. घरी येऊन बघते तर काय, मी नुसता शॉर्टकट आणला होता! चिठ्ठी हातात, पण घरच पाडून टाकलेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांची माफी मागितली. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माझा नाचाचा तेवढा एकच फोटो होता."

तिचं ते वाक्य मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, मुलांनो, आज आई-बाबांना बरोबर घेऊन घरच्या संगणकावर बसा. फोटोंच्या चित्रावर बाण आहे का बघा. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. आणि काहीही पुसण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : ही चिठ्ठी आहे, की घर?