थंडीत धावताना अंगावर काय हवे? स्वेटरआधी रेडियमची पट्टी!

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईची ओळख हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेमुळे. मिरचीची धावपळ ओसरली, गव्हा-हरभऱ्याला पाणी देणे सुरू झाले की या भागातील गावांच्या रस्त्यांवर पहाटे वेगळीच लगबग दिसू लागते. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली अंधारातच धावायला बाहेर पडतात. गारठा असतो, हात खिशातून निघत नाहीत, तोंडातून वाफ निघते. मग अंगावर चढते ते घरात सापडेल तेवढे सगळे. आत बनियन, त्यावर टी-शर्ट, त्यावर हुडी, वर जर्किन, गळ्यात मफलर आणि कानटोपी.

पहिला किलोमीटर बरा जातो. दुसऱ्यात जर्किन निघून कमरेला येते. तिसऱ्यात आतला टी-शर्ट घामाने चिंब होतो. सराव संपला की तेच ओले कपडे घालून मोटारसायकलवर बसून घर गाठायचे आणि दुपारी ‘थंडी बाधली’ म्हणायचे. खरे तर थंडीने फारसे काही केलेले नसते. चूक झालेली असते ती कपडे निवडताना.

दहाव्या मिनिटाचा विचार करा

धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीला लागतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. बऱ्या वेगाने धावणारा माणूस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आठ-दहा पट ऊर्जा जाळतो. म्हणजे अंगातच शेकोटी पेटलेली असते, फक्त ती पेटायला सात-आठ मिनिटे लागतात.

म्हणून धावपटू एक साधा हिशेब वापरतात. बाहेर जेवढे तापमान आहे त्यात 10 अंश मिळवायचे आणि तेवढ्या तापमानात सहज फिरायला निघाल्यासारखे कपडे घालायचे. पहाटे 10 अंश असेल तर 20 अंशांचे कपडे पुरतात. घराबाहेर पडताना थोडी हुडहुडी भरली तर निवड बरोबर आहे. दारातच ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला आहे.

मराठवाड्यातील थंडी बोचरी असते, पण तिचे प्रमाण लक्षात घ्यायला हवे. सपाट प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली जाऊन ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरले तर हवामान विभाग थंडीची लाट म्हणतो. आपल्याकडे असे दिवस दरवर्षी मोजकेच येतात. मोबाइलवर दिसणाऱ्या महागड्या ‘विंटर रनिंग’ कपड्यांच्या जाहिराती मात्र पाणी गोठते अशा देशांतील धावपटूंसाठी असतात. तिथे तीन थर लागतात. आतला घाम ओढून घेणारा, मधला ऊब धरणारा आणि बाहेरचा वारा अडवणारा. भोकरदनच्या जानेवारीत आतला एक आणि फार गारठा असेल तर वरचा पातळ एक, एवढ्यावर भागते. ते थर्मल टाइट्स इथे दुसऱ्या किलोमीटरला नकोसे होतात.

सुती कपडा इथे का नको?

उन्हाळ्यात सुती कपड्यासारखे सुख नाही. थंडीत धावताना मात्र तोच दगा देतो. सूत घाम पिते आणि धरून ठेवते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. धावत आहात तोवर हे जाणवत नाही, कारण आतली शेकोटी चालू असते. थांबलात की ती विझते आणि ओला कपडा अंगातली ऊब खेचू लागतो. रात्रपाळीच्या विजेवर गव्हाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. थंडी कोरड्या अंगाला लागते आणि ओल्या अंगाला चावते, हे त्याने बांधावर उभे राहून अनुभवलेले असते.

त्यापेक्षा पॉलिएस्टरचा, जाळीदार विणीचा खेळाचा टी-शर्ट चांगला. तो घाम शोषत नाही, बाहेर सोडतो आणि लवकर वाळतो. नामांकित कंपनीचाच हवा असे नाही. बाजारात खेळाच्या जर्सी म्हणून दोन-अडीचशे रुपयांत मिळणारा टी-शर्टही हे काम करतो. तो अंगाला बेताचा बसावा, फार ढगळ नको. पायांत साधी ट्रॅक पँट पुरे. मोजे मात्र जाड सुती घेऊ नयेत. शेताकडच्या वाटेवर दव असते, मोजे भिजतात आणि फोड येतात.

काही मुले वजन उतरवण्यासाठी मुद्दाम जर्किन किंवा रेनकोट घालून धावतात. घाम भरपूर निघतो, काटाही खाली येतो, पण उतरलेले ते पाणी असते. दोन तांबे पाणी प्यायले की वजन जागेवर. मधल्या वेळेत अंग तापून चक्कर येण्याचा धोका तेवढा पदरात पडतो.

डोके, कान, हात

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. ते खरे नाही. जुन्या लष्करी प्रयोगांत माणसांचे सगळे अंग झाकलेले आणि डोके तेवढे उघडे होते, म्हणून उष्णता तिथूनच जाताना दिसली. डोक्याचा वाटा त्याच्या आकाराएवढाच, म्हणजे साधारण दहा टक्के असतो.

मग कानटोपी कशाला? तर कानांसाठी. थंडीत शरीर हृदय-फुप्फुसांची ऊब राखायला हाता-कानांकडचा रक्तपुरवठा आवळते, म्हणून बोटे आणि कान आधी बधिर होतात. कानांवर पट्टी किंवा रुमाल आणि हातांत पातळ मोजे, एवढे दोन कपडे जाड स्वेटरपेक्षा जास्त सुख देतात. शिवाय नकोसे झाले की खिशात मावतात. मफलर किंवा स्कार्फ तोंडावर घट्ट गुंडाळून धावू नये. श्वासाने तो ओला होतो आणि दम कोंडतो. दमा असलेल्यांनी थंड कोरड्या हवेत नाकावर सैल रुमाल ठेवावा, वेग हळूहळू वाढवावा आणि डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ बाळगावा. हिवाळ्यात पहाटे चुली-शेकोट्यांचा धूर गावावर खालीच रेंगाळतो, त्यामुळे वस्तीपासून थोडे दूर धावलेले बरे.

जर्किन हवेच, पण मोटारसायकलवर

वाऱ्यामुळे थंडी किती वाढते, याचे एक सूत्र हवामानशास्त्रात वापरले जाते. हवा 10 अंशांची असेल आणि ताशी 12 किलोमीटर वेगाने धावलात तर ती अंगाला आठ अंशांसारखी लागते. फरक दोन अंशांचाही नाही. पण त्याच हवेत 50 च्या वेगाने मोटारसायकल चालवली तर ती साडेपाच अंशांसारखी लागते. त्यावेळी अंग आतून तापतही नसते. म्हणजे जर्किन, मफलर, जाड हातमोजे ही सगळी सामग्री मैदानावर जाताना आणि येताना कामाची. पिशवीत एक कोरडा टी-शर्ट ठेवावा. धावणे संपताच ओला काढून तो घालावा, वर जर्किन चढवावे आणि मगच किक मारावी. आजारी पडणे टाळणारी हिवाळ्यातली सर्वांत स्वस्त सवय हीच.

खरा धोका अंधाराचा

19 जानेवारी 2025 रोजी पहाटे बीड तालुक्यातील घोडका राजुरीजवळ रस्त्यावर सराव करणाऱ्या तरुणांना बसची धडक बसली. त्यात तिघांचा जीव गेला. पोलीस भरतीची तयारी करत होते ती मुले. मराठवाड्यातील एवढ्या थंडीने धावणारा तरुण दगावल्याचे सहसा ऐकू येत नाही. रस्त्याने मात्र असे बळी घेतले आहेत. म्हणून हिवाळी कपड्यांची यादी करायची तर तिच्यात पहिले नाव स्वेटरचे नको, रेडियमचे हवे.

जानेवारीत जालना जिल्ह्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि त्याआधी वीस-पंचवीस मिनिटेच बऱ्यापैकी उजाडलेले असते. साडेपाचला धावणारा जवळपास पूर्ण वेळ अंधारात असतो. त्यात भरतीच्या मुलांचे ट्रॅकसूट बहुतेक काळे नाही तर गडद निळे. आता चालकाच्या बाजूने पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर 25 मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला आणखी वीसेक मीटर. म्हणजे 45 मीटर झाले आणि डिपरचा उजेड पडतो साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत. काळ्या कपड्यातला मुलगा त्या उजेडाच्या टोकाला दिसतच नाही. जवळ आल्यावर दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो. धुके असेल तर विचारायलाच नको.

पांढरा शर्ट थोडी मदत करतो, पण तो पुरत नाही. भडक पोपटी किंवा नारंगी रंगाचीही अनेकांची समजूत चुकते. हे रंग दिवसा किंवा फटफटताना उठून दिसतात, कारण ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर चमकतात. रात्री ते किरणच नसतात. तिथे आलेला प्रकाश थेट आलेल्या दिशेलाच परत फेकणारी पट्टी लागते, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतात ते रेडियम. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसे पट्ट्यांचे सेफ्टी जॅकेट शंभर-दीडशे रुपयांत येते. तेही जमत नसेल तर कपड्यावर शिवता येणारी रेडियम पट्टी घ्यावी आणि ती पाठीबरोबरच घोट्यांवरही लावावी. वर-खाली हलणाऱ्या दोन पट्ट्या दिसल्या की हा दगड नाही, माणूस आहे, हे चालकाला लगेच कळते. जर्किन काढून कमरेला बांधले की त्यावरची पट्टी झाकली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

बाकी नियम जुनेच आहेत, पण पाळले जात नाहीत. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात, म्हणून धावणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे. डांबर सोडून साइडपट्टीवर राहावे. दोघे-तिघे असतील तर एकामागे एक. कानात इअरफोन नको. मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टरचा किंवा बैलगाडीचा आवाज हीच अनेकदा एकमेव सूचना असते.

रस्ताच कशाला?

खरे तर रस्ता हे धावायचे ठिकाणच नाही. मुले तिथे जातात कारण सरळ, मोजलेले अंतर मिळते. पण पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते. शाळेच्या मैदानावर चुना टाकून 200 मीटरची फेरी आखली तर मुलांच्या आठ आणि मुलींच्या चार फेऱ्या होतात. दोरी, चुना आणि शाळेची परवानगी एवढेच लागते. ग्रामपंचायतीने पहाटे दोन तास मैदानावरचा दिवा लावला तर प्रश्न बराच सुटतो. गटाने येणाऱ्या मुलींसाठी तर हीच सोय सर्वांत महत्त्वाची. जिथे हे शक्य नाही, तिथे लांबचे धावणे संध्याकाळी पाच ते सहाच्या उजेडात करावे आणि पहाटे घराजवळ व्यायाम करावा.

थंडी आणि धावणे यांचे वैर नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर आधी सियाचीनमध्ये होता. शर्यतीच्या धावण्याकडे तो नंतर वळला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, तर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. थंड हवेत अंग लवकर तापत नाही, त्यामुळे लांब अंतराला ती उलट सोयीचीच. अडचण फक्त सुरुवातीची. थंड स्नायूंवर एकदम जोर दिला तर मांडीचा मागचा स्नायू धरतो. आधी पाच मिनिटे भरभर चालणे, पाच मिनिटे संथ धावणे आणि मगच वेग. 100 मीटरचा सराव तर अंग पूर्ण तापल्याशिवाय करूच नये. तहान लागत नसली तरी घाम जातो, म्हणून निघण्यापूर्वी ग्लासभर पाणी प्यावे.

चाचणीच्या दिवशी

2023 ची पोलीस भरतीची मैदानी चाचणी ऐन जानेवारीत झाली होती. उमेदवाराला पहाटे बोलावले जाते. हजेरी, कागदपत्रे, उंची-छातीची मोजमापे यांत दोन-तीन तासही जातात आणि मग हाफ पँट-बनियनवर धावायला उभे केले जाते. तोवर अंग गार पडलेले असते आणि 1600 मीटरला 20 गुण असतात. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात आठवड्यातून दोनदा तरी चाचणीच्याच कपड्यांत वेळ लावून धावावे. चाचणीला जाताना सहज काढता येईल असे जुने जर्किन, ट्रॅक पँट आणि बसायला सतरंजीचा तुकडा न्यावा. जमीन थंड असते, थेट तिच्यावर बसू नये. आपला गट पुकारायला दहा-पंधरा मिनिटे उरली की जर्किन अंगावर ठेवूनच जागच्या जागी हालचाल सुरू करावी. छातीवरचा क्रमांक पुकारला की मग ते काढून सोबत आलेल्याच्या हातात द्यावे.